एक्स-रे चांगला आहे, मग पोरगी खोटं बोलते का?

मागच्या महिन्यात मिरजेत एका नातेवाइकाच्या लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या आधी बायकांच्या बाजूला माझी लेक भिंतीला टेकून उभी होती. पाऊण तास उभीच. मंगल कार्यालयातल्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर तिला दहा मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही. नात्यातल्या एक बुजुर्ग बाई आल्या, तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "अजून दुखतंय? दोन वर्षं होत आली की ऑपरेशनला. बेटा, सब्र कर. किती नाशुक्री करशील?" पोरगी हसली. "जी, खाला," एवढंच म्हणाली.

परत येताना गाडीत ती मागच्या सीटवर आडवी होऊन डोळे मिटून पडली होती. मी आरशातून बघत होतो. 'नाशुक्री' हा शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता. हा लेख त्या शब्दाविरुद्ध आहे. त्या बाईंविरुद्ध नाही, कारण त्यांनी जे तोंडावर सांगितलं ते डॉक्टरांनी, शाळेनं आणि खुद्द मीही तिला वेगवेगळ्या भाषेत सांगून झालेलं आहे.

आधी काय झालं ते थोडक्यात सांगतो. ती तेरा वर्षांची असताना ईदचे कपडे शिवायला टाकले होते. माप घेणाऱ्या बाईंनी माझ्या बायकोला सांगितलं, "भाभी, हिचा एक खांदा वर आहे, कुर्ता एका बाजूनं उचलतोय." आम्ही दोघं शिकलेले, मी तर मास्तर, पण पोरीच्या पाठीचा कणा वळतोय हे आधी दिसलं ते शिवणकाम करणाऱ्या बाईला. तपासण्या झाल्या आणि स्कोलिओसिस निघाला. पाठीचा कणा समोरून सरळ दिसायला हवा, तो इंग्रजी एस अक्षरासारखा एका बाजूला वळतो आणि वळता वळता पिळला जातो. वाढीच्या वयात दर शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांत थोडाफार असा बाक असतो. बहुतेकांना काही करावं लागत नाही. मात्र बाक मोठा होत जाण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. कारण बऱ्याचदा सापडत नाही. दप्तराचं ओझं, वाकून बसणं, मोबाइल यांपैकी कशानंही तो होत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या घरात पहिले सहा महिने दप्तर, मोबाइल आणि तिची आई या तिघांवर खटला चालला होता.

बाक ४५-५० अंशांच्या पुढे गेला की डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात. हिचा ५८ होता. पुण्यात ऑपरेशन झालं. पाठ मधोमध उघडून मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांना दोन सळ्या जोडतात, कणा शक्य तितका सरळ करतात आणि हाडाचा चुरा भरतात, म्हणजे पुढच्या काही महिन्यांत ते मणके एकमेकांना जुळून एकच हाड होतं. सहा तास लागले. सर्जनचे हात चांगले होते, त्यात शंका नाही. पोरगी दुसऱ्या दिवशी उभी राहिली, उंची दीड इंच वाढली, आणि भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावलेला तो एक्स-रे पाहून माझे डोळे भरून आले होते.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर, दुखतंय." सहा महिन्यांनी म्हणाली, "अजून दुखतंय." एका वर्षानं तेच. दर वेळी नवा एक्स-रे निघाला, एकदा सीटी स्कॅन, रक्त तपासलं. स्क्रू जागेवर होते. मणके जुळले होते. जंतुसंसर्ग नव्हता. हे सगळं तपासणं गरजेचंच होतं. स्क्रू ढिला होणं, मणके न जुळणं, आत संसर्ग होणं अशी कारणं असू शकतात आणि ती सापडली तर त्यांवर इलाज आहे. सापडली नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि ते वाक्य उच्चारलं, "रिझल्ट एक्सलंट आहे. आता हिनं मनातून काढून टाकायला हवं."

मी मान हलवली. होय म्हणालो. पोरगी माझ्याकडे बघत होती.

त्या वाक्यात काय चुकलं हे समजायला मला पुढचं पाऊण वर्ष लागलं. एक्स-रे हाड दाखवतो, धातू दाखवतो. वेदना दाखवणारी फिल्म अजून निघालेली नाही. डॉक्टरांनी खरं तर इतकंच म्हणायला हवं होतं की हाडांत दोष सापडत नाही. त्यांनी पुढची उडी मारली आणि दोष मुलीत शोधला.

आणि वैद्यकशास्त्राला हे ठाऊक नाही असंही नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. मुलांच्या मोठ्या शस्त्रक्रियांवर झालेल्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरानंतरही दुखणं राहिलेल्या मुलांचं मधलं प्रमाण २० टक्के निघालं. म्हणजे पाचात एक. ऑपरेशनच्या आधी ज्या कागदांवर मी सह्या केल्या त्यांत रक्तस्राव होता, लकवा होता, अगदी मृत्यूही होता. पाचात एकाला होणारी ही गोष्ट त्यात नव्हती, आणि कुणी तोंडानंही सांगितली नाही. सांगितली असती तर ऑपरेशन नको म्हटलं असतं का? नाही. एवढा बाक वाढत गेला तर फुप्फुसांना जागा उरत नाही, हे आम्हाला समजलं होतं. पण निदान पोरगी सहाव्या महिन्यात "दुखतंय" म्हणाली तेव्हा तिच्याकडे संशयानं पाहिलं नसतं.

असं का होतं, हे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी आम्हाला घरच्या भाषेत सांगितलं. चोर येऊन गेलेल्या घरात पुढं कित्येक दिवस मांजरानं भांडं पाडलं तरी सगळे दचकून उठतात. मज्जासंस्थेचं तसंच होतं. सहा तासांच्या कापाकापीनंतर इशारा देणारी यंत्रणा काही जणांत जागीच राहते. साधा स्पर्श, बसणं, थंड हवा, झोप कमी झालेली रात्र, सगळ्यांवर ती ओरडते. ओरडणं खरं असतं. मेंदूत खरे संदेश पोचत असतात. ऑपरेशनच्या आधी ज्यांना जास्त दुखत होतं, जी मुलं घाबरलेली होती, ज्यांची झोप बिघडलेली होती, त्यांच्यात हे जास्त दिसतं. त्याच यादीत आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून मी चपापलो. आई-बापाची भीती. मुलाच्या दुखण्याबद्दल पालक जितके जास्त धास्तावलेले, तितकी त्या मुलाची वेदना रेंगाळण्याची शक्यता जास्त. त्याबद्दल पुढं लिहितो.

मुलांवर विश्वास न ठेवण्याची सवय या शास्त्राला जुनी आहे. १९८० च्या दशकापर्यंत प्रगत देशांतल्या नामांकित इस्पितळांत तान्ह्या बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. स्नायू सैल पाडणारं औषध द्यायचे, म्हणजे बाळ हलायचं नाही. बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला वेदना कळत नाही, असा समज होता. भारतीय वंशाच्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये बाळांच्या रक्तातली तणावाची द्रव्यं मोजली आणि १९८७ मध्ये दाखवून दिलं की वेदनाशामक दिलेली बाळं शस्त्रक्रियेतून जास्त चांगली सावरतात. म्हणजे रडणारं बाळ खरं बोलतंय हे सिद्ध करायला रक्ताचा अहवाल लागला! माझ्या लेकीच्या बाबतीत तोही नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली आणि सोबतच्या टिपांमध्ये नोंदवलं की माणूस वेदना होते असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. किती साधी गोष्ट, आणि ती लिहून ठेवावी लागली.

आता माझ्याबद्दल. मी एकोणीस वर्षं शिकवतोय. "सर, पोट दुखतंय" म्हणणारी शेकडो पोरं पाहिली, आणि त्यातली अर्धी गणिताच्या चाचणीच्या दिवशीच येतात हेही पाहिलं. तीच नजर मी घरी घेऊन आलो. मी गोळ्या मोजायला लागलो. पाकीट कपाटात वर ठेवलं. एका संध्याकाळी ती फोनवर मैत्रिणीशी खळखळून हसत होती आणि मी दारात उभा राहून म्हणालो, "आता नाही वाटतं दुखत?" ती गप्प झाली. फोन ठेवला. त्यानंतर साडेतीन आठवडे तिनं घरात "दुखतंय" हा शब्द काढला नाही. मला वाटलं, बरी झाली. बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं की रोज रात्री ती तोंडात ओढणी धरून झोपते.

दुखणारा माणूस हसू शकतो. हसला की तेवढा वेळ त्याला बरं वाटतं, हे तर औषध झालं. पण आपल्याला दुखणारा माणूस चोवीस तास दुखताना दिसायला हवा असतो. हसला तर नाटक, रडला तर नाशुक्री. मग त्यानं करायचं काय?

सब्रवर आता बोलायला हवं, कारण आपल्या समाजात या विषयावर शेवटी सगळे तिथंच येऊन थांबतात. सब्र म्हणजे तोंड बंद ठेवणं, हा अर्थ कुणी लावला? ज्यांना सब्रचं सर्वात मोठं उदाहरण मानतात ते हजरत अय्यूब. आजारपणात त्यांनी अल्लाहला सरळ सांगितलं की मला त्रास होतोय. कुरआनात त्याची नोंद आहे, आणि त्यांना कुणी नाशुक्रे म्हटलेलं नाही. हजरत याकूब मुलाच्या दुःखानं डोळे जाईपर्यंत रडले, आणि आपलं गाऱ्हाणं अल्लाहकडे मांडतोय असं म्हणाले. बीबी मरियमचा प्रसंग तर मी पोरीला मुद्दाम वाचून दाखवला. कळांनी हैराण होऊन ती तरुण मुलगी खजुराच्या बुंध्याला टेकते आणि म्हणते की याआधीच मरून गेले असते तर बरं झालं असतं. एवढं टोकाचं बोलणं! त्यावर तिला दटावलं जात नाही. दुःख करू नकोस असं सांगून तिच्या पायाशी पाणी दिलं जातं, खजूर दिले जातात. आधी वेदना ऐकली गेली, मग खाण्यापिण्याची सोय झाली. सब्रचं प्रवचन तिथं मला सापडलं नाही.

हदीसचं घ्या. इमाम बुखारींनी आजाऱ्यांवरच्या प्रकरणात एक आख्खं उपप्रकरण याच विषयावर ठेवलंय की रुग्णानं "मला दुखतंय", "हाय माझं डोकं" असं म्हणावं का. त्यात हजरत आयेशा डोकेदुखीनं कळवळतात, आणि प्रेषित मुहंमद (स.) त्यांना गप्प करत नाहीत. उलट आपलंही डोकं दुखतंय असं सांगतात. तापानं फणफणलेल्या प्रेषितांना एका सहाबींनी विचारलं तेव्हा त्यांनी आपल्याला दोन माणसांइतका त्रास होतो हे मान्य केलं. हजार-बाराशे वर्षांपूर्वी एका मुहद्दिसाला हा प्रश्न इतका महत्त्वाचा वाटला, आणि आपल्या मोहल्ल्यातल्या खालाला, फुफूला, जुम्याच्या बयानात सब्रवर तासभर बोलणाऱ्या मौलानांना तो प्रश्नच वाटत नाही. इब्न सिनानं वेदनेचे पंधरा प्रकार नोंदवून ठेवले होते. टोचणारी, दाबणारी, ठणकणारी, बधिर करणारी, अशी. त्यासाठी त्याला रुग्णांचं ऐकावं लागलं असणार. आपण त्याचं नाव अभिमानानं घेतो, पोस्टर छापतो, आणि घरातल्या पोरीला विचारत नाही की तुझी कुठली.

गेल्या रमजानमध्ये आमच्या गल्लीत एका घरी बायकांची तरावीह होती. ही हौसेनं गेली. चौथ्या रकातीला सजद्यातून उठता येईना, म्हणून तिनं खुर्ची घेतली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "जवान पोरगी आणि कुर्सीवर नमाज?" दुसऱ्या दिवसापासून ती गेली नाही. इमरान बिन हुसैन या सहाबींना मूळव्याध होती. त्यांनी नमाज कशी पढू असं विचारलं, तर उत्तर मिळालं की उभं राहून, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून. यात वयाची अट नाही. प्रेषितांनी त्यांच्याकडे कुठला रिपोर्टही मागितला नाही. जमतं की नाही हे त्या माणसानंच सांगायचं होतं. दीनमध्ये एवढी मोकळीक आहे आणि आपण तिथंही चौकीदार बसवलेत.

दादीबद्दल मात्र लिहायला हवं, नाहीतर अन्याय होईल. माझ्या आईचा दर्ग्यांवर विश्वास आहे, माझा तेवढा नाही, आणि या विषयावर आमच्यात चाळीस वर्षांचा वाद आहे. ती एका गुरुवारी नातीला घेऊन मिरजेला ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात गेली. मी रागावलो होतो. परत आल्यावर पोरगी म्हणाली, "अब्बा, तिथं एक म्हातारे बाबा होते. त्यांनी विचारलं, बेटी, कुठं दुखतं, कधी जास्त होतं, रात्री झोप लागते का. मग दुआ केली आणि दादीला म्हणाले, दवा बंद करू नका." वर्षभरात एवढे प्रश्न तिला पांढऱ्या कोटातल्या कुणी विचारले नव्हते. मी काही दर्ग्याच्या बाजूनं झालो नाही, पण त्या दिवशी गप्प बसलो.

आता पैशाची गोष्ट, कारण तीही दुखते. ऑपरेशनचा खर्च मास्तरच्या पगारात भागणारा नव्हता. नातेवाइकांनी दिले, एका भल्या माणसानं जकातीतून मोठी रक्कम दिली. अल्लाह त्यांना बरकत देवो. पण नंतर? फिजिओथेरपीच्या एका बैठकीचे साडेतीनशे रुपये, आठवड्यातून दोनदा, सांगलीला जाण्यायेण्याचं वेगळं. वेदनेच्या तज्ज्ञाची फी, मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाची फी. यासाठी मी कुणाकडे गेलो नाही, कारण समोरचा काय म्हणेल ते ठाऊक होतं. "ऑपरेशन झालं ना? मग?" रमजानमध्ये मोबाइलवर रोज मदतीची आवाहनं येतात. नळ्या लावलेल्या मुलाचा फोटो, इस्पितळाचं बिल, खाली खातेक्रमांक. चोवीस तासांत लाखभर जमतात, ही आपल्या समाजाची खरी श्रीमंती आहे. पण वर्षभर दर आठवड्याला सातशे रुपये लागणाऱ्या पोरीचा फोटो कुणी पुढं पाठवणार नाही. ती तर चालते-फिरते!

सरकारचंही तेच आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजना गरिबाला आधार देतात, मी त्यांच्याविरुद्ध नाही. पण या योजनांची रचनाच मुळात ऑपरेशन आणि दाखल होऊन घेतलेल्या उपचारांभोवती आहे. रुग्ण घरी गेल्यावर महिनोन्महिने जे चालतं, त्याचा भार घरावरच पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मुलांच्या दीर्घकालीन वेदनेबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. शारीरिक उपचार, मानसिक उपचार आणि औषधं ही एकत्र, मूल आणि कुटुंब मध्यभागी ठेवून द्यावीत असं त्यात आहे. आमच्या बाजूला हे तिन्ही तीन वेगवेगळ्या गावांत मिळतात, आणि त्यांतल्या कुणी दुसऱ्याशी फोनवर बोललेलं मला माहीत नाही. फायली मीच वाहतो.

शाळेचं लांबवत नाही. दहावीच्या वर्षात वर्गात दर अर्ध्या तासानं दोन मिनिटं उभं राहू द्या, एवढंच मागितलं होतं. "इतर मुलं विचारतील," असं उत्तर आलं. विचारू देत की. त्यांना उत्तर देणं हाही शिक्षणाचाच भाग नाही का? माझ्याच पेशातली माणसं आहेत म्हणून जास्त बोलत नाही.

आणि लग्न. हो, सोळाव्या वर्षी. "पाठीवरची खूण कुणाला सांगू नका", "लोखंड आहे म्हणतात आत, मुलं होतील का?" एका बाईनं तर माझ्या बायकोला सल्ला दिला की दुखण्याचं नाव काढणं आत्तापासूनच बंद करा, बभ्रा होतो. आत टायटेनियम आहे, आणि अशा ऑपरेशननंतर बायकांना मुलं होतात. पण ही उत्तरं देतानाही माझी मलाच लाज वाटते, कारण प्रश्न मान्य केल्यासारखं होतं. पोरीला दुखतंय आणि चर्चा तिच्या बाजारभावाची. तिच्या दुखण्यावर विश्वास न ठेवण्यामागं हेही एक कारण आहे असं मला आता वाटायला लागलंय. मान्य केलं तर ते कुठंतरी सांगावं लागेल.

आता मगाशी राहिलेला मुद्दा, पालकांच्या भीतीचा. ओढणीची गोष्ट कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. सकाळी उठल्यावर, "दुखतंय?" शाळेतून आल्यावर, "दुखतंय?" जेवताना चेहरा वेडावाकडा झाला की चमचा खाली. दप्तर मी उचलायचो, अंथरूण मी घालायचो, मैत्रिणीच्या वाढदिवसाला नको, सहलीला नको. मला वाटायचं मी तिच्यावर विश्वास ठेवतोय. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही दिवसातून किती वेळा विचारता?" पोरगीच म्हणाली, "वीस." बाई म्हणाल्या, "म्हणजे दिवसातून वीस वेळा तुम्ही तिला तिच्या पाठीकडे परत पाठवता."

हे मला फार लागलं, आणि तेच खरं होतं. दुखणं मान्य करणं वेगळं आणि घराचा सगळा कारभार त्याच्या ताब्यात देणं वेगळं. पडून राहिलं की स्नायू कमजोर होतात, झोप बिघडते, मैत्रिणी तुटतात आणि ती जागी यंत्रणा आणखी जागी होते. दुखणं शून्य झाल्यावर जगायला सुरुवात करू असं म्हटलं तर सुरुवात होतच नाही. मग आम्ही ठरवलं. मी विचारायचं नाही, तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल, आणि सांगितलं की मी "असेल" असंही म्हणायचं नाही, "नसेल" असंही नाही. "बरं, काय करूया?" एवढंच. चालणं रोज ठरलेलं. बरं वाटतंय म्हणून दुप्पट नाही, दुखतंय म्हणून शून्य नाही. पहिल्या आठवड्यात आठ मिनिटं, नंतर दहा, बारा. चांगल्या दिवशी चार किलोमीटर चालून पुढचे तीन दिवस अंथरुणात, हा आमचा जुना खेळ होता. रात्री दहाला फोन बाहेरच्या खोलीत, यावर मात्र अजून भांडण होतं. श्वासाचे व्यायाम ती करते. मी आधी हसलो होतो, आता तिच्या शेजारी बसून मीही करतो, माझा रक्तदाब त्यानं थोडा उतरलाय.

गोळ्यांचं पाकीट तिच्याकडे दिलंय. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणं ती घेते, तारीख टाकते. मी मोजत नाही. खोटं कशाला बोलू, एकदा मोजल्या. बरोबर होत्या.

काही जण म्हणतील, मग सगळ्याच मुलांचं सगळंच खरं मानायचं का? पोरं फायदा घेतील. घेतीलही एखादं. गणिताच्या चाचणीला पोट दुखणाऱ्या पोरांतही एखादं खरंच दुखणारं असेल, आणि एकोणीस वर्षांत मी अशा किती जणांना बाकावर परत बसवलं याचा हिशेब माझ्याकडे नाही. एका खोट्याला सुट्टी मिळाली तर माझं काय जातं? आणि एका खऱ्याला मी खोटं ठरवलं तर त्याचं काय जातं, ते मी ओढणीच्या चुरगळलेल्या टोकावर पाहिलंय.

दुखणं गेलेलं नाही. आधीपेक्षा कमी आहे असं ती म्हणते, काही आठवडे वाईट जातात. मागचा आठवडा वाईट होता, त्या लग्नामुळं. दहावी झाली, अकरावीला तिनं विज्ञान घेतलंय. कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभं राहून काम करावं लागतं, ते तिला बसण्यापेक्षा बरं पडतं.

पुढच्या मंगळवारी पुण्याला तपासणी आहे, त्याच डॉक्टरांकडे. तिनं वहीच्या पानावर सात प्रश्न लिहून काढलेत, पहिला आहे, "एक्स-रे सोडून तुम्ही आणखी काय बघणार आहात?" मी म्हटलं, जरा मऊ भाषेत लिही. ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही या वेळी बाहेर बसा. अम्मी येईल आत."

मी बाहेर बसणार आहे.